फळ्यावरचे मासे

चांगुणा गेली त्या दिवशी मी दवाखान्याच्या पार्किंगवाल्याशी भांडत होतो. माझी स्कूटर त्याच्या पिवळ्या रेघेच्या चार बोटं बाहेर होती. रेघ चुकली आहे, स्कूटर बरोबर आहे, असं मी त्याला समजावून सांगत होतो. तेवढ्यात माझी मुलगी चैताली जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, "पप्पा, वर चला." तिचा चेहरा बघूनसुद्धा मी त्या माणसाला म्हणालो, "आलो मी, मग तुझ्या रेघेचं बघतो." वर गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दोन दिवस आम्ही आशेवर होतो, आता ती नव्हती. चौतीस वर्षांचा संसार, आणि त्याची शेवटची दहा मिनिटं मी पिवळ्या रंगावर घालवली.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात लोकांची चूक किती आणि माझ्या स्वभावाची किती, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

माझं नाव रंगनाथ निरभवणे. नाशिक महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, हे मला पाठ होतं. अख्ख्या शहराला पाणी पाजलं, पण मला पोहता येत नाही. नोकरीत कोणी विचारलं नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

आमच्या कॉलनीतल्या विहाराची एक पद्धत आहे. कोणी वारलं की जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. बाहेरगावचे पाहुणे येतात, भंतेजींचं प्रवचन होतं, आणि शेवटी गेलेल्या माणसाच्या नावाने नातेवाईक विहाराला काही ना काही द्यायचं जाहीर करतात. पंखा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट. माइकवर बोललेला प्रत्येक शब्द विहाराचे सचिव सहादू केदारे हॉलमधल्या काळ्या फळ्यावर लिहितात. खडूने नाही, पांढऱ्या ऑइल पेंटने. दिलेलं पूर्ण झालं की समोर हिरवी खूण. नाही झालं, तर पहिल्या स्मृतिदिनापासून प्रत्येक कार्यक्रमात नाव मोठ्याने वाचतात आणि पुढे म्हणतात, "बाकी." आमच्या शेजारचे खंडेराव यांनी वडिलांच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर जाहीर केला होता. तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. ते विहारात मागच्या दाराने यायचे.

मी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं असं चैतालीने ठरवलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं. माझा मेव्हणा झिपरू, चांगुणाचा धाकटा भाऊ, नामपूरहून आला होता. त्याने कूलर जाहीर केला. शेजारच्या गोजराबाईंनी दोन सतरंज्या. मग माइक माझ्याकडे आला. मी खिशातून कागद काढला, चष्मा मात्र घरी राहिला होता.

मला आठवलं ते एवढंच. ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी ती फोन घेऊन माझ्याशेजारी बसली होती. पडद्यावर निळं पाणी, आणि त्यात माणसं पाठीला टाक्या लावून माशांच्या मधून चालली होती. ती म्हणाली, "अहो, अंदमानला जाऊ. पाण्याच्या आत जाऊन मासे बघता येतात. आपल्या वयाची माणसंसुद्धा जातात." मी वीजबिल बघत होतो. मी म्हणालो, "हं."

माइकवर मी म्हणालो, "तिला समुद्राच्या आत जाऊन मासे बघायचे होते. मी बघून येईन."

कोणीतरी साधु, साधु म्हणून साधुकार दिला, मग सगळ्यांनीच तीन वेळा दिला. चैतालीने डोक्याला हात लावला. सहादूभाऊ खुर्चीवर चढले आणि सुबक अक्षरात लिहिलं: रंगनाथ निरभवणे, समुद्राखालचे मासे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

"सहादूभाऊ, ते काल दुःखात बोललो. घड्याळ लिहा."

"घड्याळ द्या की. खाली दुसऱ्या ओळीत लिहितो."

"आणि वरची ओळ?"

"ती कशी खोडणार? ऑइल पेंट आहे."

"टर्पेंटाइनने निघतं."

सहादूभाऊ पोस्टात सॉर्टर होते. पत्ता कितीही वाईट असो, पत्र पोहोचलंच पाहिजे, अशा जातकुळीतला माणूस. ते माझ्याकडे दुःखी नजरेने बघत म्हणाले, "निरभवणे, आज तुमचं खोडलं तर उद्या खंडेराव येतील."

हे बरोबर होतं. त्यामुळे मला जास्त राग आला.

त्यानंतर कॉलनीत मी बाहेर पडलो की सल्ला सुरू. गोजराबाई म्हणाल्या, "भाऊ, एवढं लांब कशाला? मुंबईला मत्स्यालय आहे. काचेतून बघा, अंगही ओलं होत नाही." मी सांगितलं की समुद्राच्या आत म्हणालो आहे. त्या म्हणाल्या, "मग काचेत समुद्राचंच पाणी असतं." एकाने सुचवलं, की घरी काचेची पेटी आणून तिच्यात तोंड घालावं. खंडेराव एका संध्याकाळी हळूच आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "रंगनाथ, पहिलं वर्ष जड जातं. नंतर लोक विसरतात." मी विचारलं, "विसरले का?" ते म्हणाले, "नाही. पण मला सवय झाली."

मला त्या सवयीची भीती वाटली. उठून मी सरळ प्रवास कंपनीत गेलो.

कंपनी म्हणजे नाशिकरोडला एका जिन्याखालचं दुकान. मालक सनी, चैतालीच्या वर्गातला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि कॉम्प्युटरवर बेटं दाखवायला लागला.

"काका, हॅवलॉकला जाऊ. हल्ली त्याला स्वराज द्वीप म्हणतात. डायव्हिंग तिथे मस्त. पोहता आलं नाही तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरून नेतो."

धरून नेतो, हे मला आवडलं नाही. एकतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला गाठोड्यासारखं कोणी धरून न्यावं, हे बरं दिसत नाही. मी म्हणालो, "पोहायला शिकीन. पुढचं बोल."

पुढचं म्हणजे पॅकेज. जानेवारीत जागा असलेलं एकच होतं आणि ते नवविवाहितांसाठी होतं. दोन माणसांचं. त्यात पलंगावर फुलांची सजावट, समुद्रकाठी मेणबत्त्यांचं जेवण आणि केक.

"मी एकटा आहे, सनी."

"काका, ट्विन शेअरिंग आहे. दुसरं नाव टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

"फुलं आणि केक तरी काढ."

त्याने प्रामाणिकपणे दोन-तीन ठिकाणी दाबून बघितलं. "केक निघत नाही, काका. पॅकेजमध्ये लॉक आहे."

मी घरी आलो आणि चैतालीला पुण्याला फोन केला. सुट्टी मिळणार नव्हती, नवीन नोकरी. ती म्हणाली, "पप्पा, मामाला विचारा." झिपरू, ज्याच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास कांदा घेऊन सटाण्याच्या बाजारापर्यंत, त्याला फोन लावला. मला वाटलं नाही म्हणेल.

"मी येस ना, दाजी," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "मन्ही बहिणनी इच्छा शे. तुमले एकला कसा सोडू?"

"झिपरू, ते नवीन लग्न झालेल्यांचं पॅकेज आहे."

"त्यामा काय शे? केक मी खासू."

तर अशा रीतीने बासष्ट वर्षांचा मी आणि छप्पन्न वर्षांचा माझा मेव्हणा नवविवाहितांच्या पॅकेजात दाखल झालो. सनीने नावं टाकली. सिस्टिम पुढे गेली. सिस्टिमला लाज नसते.

मग आला डॉक्टरी दाखला. साठीच्या वर वय असेल तर डायव्हिंगवाले दाखला मागतात. मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "दाखला कशासाठी?"

"समुद्रात बुडी मारण्यासाठी."

त्यांनी वर बघितलं. मी शुद्धीवर आहे याची खात्री करून घेतली. "ते यादीत नाही. नोकरी, वाहन परवाना, उंचावरची यात्रा, एवढंच."

"माझं खोलीवरचं आहे."

"खोली नाही. उंची आहे."

माझ्यामागे रांग होती. रांगेतला एक जण म्हणाला, "काका, उंची घ्या ना, तेवढंच." मी उंची घेतली. रक्त तपासलं, छाती तपासली, एका फळीवर चढवून उतरवलं. चार दिवसांनी हातात कागद मिळाला. श्री. रंगनाथ निरभवणे हे अतिउंच पर्वतीय प्रदेशातील यात्रेस शारीरिकदृष्ट्या योग्य आहेत. सही, शिक्का.

सनीने तो कागद बराच वेळ वाचला. "काका, हे वरचं आहे. आपल्याला खालचं पाहिजे."

"वरती टिकतो तो खाली टिकणार नाही का?"

"कंपनी नाही मानणार."

शेवटी आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत तुमचे. डायव्हिंगला कान महत्त्वाचे. जपा." मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. पर्वताचा कागद मी फाइलीत ठेवून दिला. उगाच फेकावा कशाला, एवढ्या रांगेत उभा राहिलो होतो.

आता राहिलं पोहणं.

महापालिकेच्या तरणतलावाचं ऑफिस मला ओळखीचं. त्या तलावाला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मी अनेक वर्षं हाताळला होता, म्हणून जरा ताठ मानेने आत गेलो. कारकुनाने ताठ मान बघितली नाही. फॉर्म दिला. पन्नाशीच्या वरच्या माणसासाठी त्यात एक हमीपत्र होतं: पती किंवा पत्नीची संमती, सही.

"मी विधुर आहे."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

पत्नी सही करू शकत नाही, याचा पुरावा म्हणून तिच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. मला वाटलं होतं त्या कागदाची कामं संपली. मी घरी गेलो, झेरॉक्स काढली, परत आलो. कारकुनाने नाव वाचलं आणि थांबला.

"चांगुणा रंगनाथ निरभवणे? ह्या इथल्याच मेंबर होत्या ना?"

"कुठल्या?"

"लेडीज बॅच. सकाळी अकराची."

मी म्हणालो, दुसऱ्या कोणी असतील. त्याने कपाटातून गठ्ठा काढला आणि तिचा फॉर्म समोर ठेवला. फोटो तिचाच. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि खाली छापलेलं: माझ्या पत्नीस पोहणे शिकण्यास माझी संमती आहे. त्याखाली सही. ती सही माझी होती. चांगली, स्पष्ट, पूर्ण नावाची.

मला तो दिवसही आठवला. मी मॅच बघत होतो. तिने कागद पुढे केला आणि म्हणाली, "इथे एक सही करा." मी विचारलं, "कशाची?" ती म्हणाली, "वाचा ना." मी म्हणालो, "हं," आणि सही केली.

ती अकरा वाजता जायची ते मला माहीत होतं. विहारात जाते असं मी धरून चाललो होतो. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. ओले केस घेऊन घरी यायची, त्यावर मी एकदा म्हणालो होतो, की दिवसातून दोनदा आंघोळ करणं म्हणजे पाण्याची नासाडी आहे. पाणीपुरवठ्याचा माणूस होतो ना मी.

तलावावर शिकवणारे मुस्तकीम सर बाहेर आले. कारकुनाने त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, सोडलाच नाही बराच वेळ. "बाई गेल्या हे आम्हाला माहीतच नाही, काका. आम्हाला वाटलं गावाला गेल्या. सहा महिन्यांत डीप साइडला पोहायला लागल्या होत्या. बाकीच्या लेडीज त्यांना घाबरून विचारायच्या, खाली काय दिसतं? म्हणायच्या, इथे फरशी दिसते, मासे बघायला लांब जायचंय."

"कोणाबरोबर जाणार म्हणायची?"

"तुमच्याबरोबर. म्हणायच्या, साहेबांना तयार करायला एक-दोन वर्षं लागतील."

मी फॉर्मवर सही केली. आधी पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. फॉर्म भरला तेव्हा मी फळ्यासाठी शिकत होतो. घरी गेलो तेव्हा फळ्याचं काही उरलं नव्हतं.

शिकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अपमानच जास्त आहे. माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चालणार नाही म्हणाले. घट्ट निळी घ्यावी लागली, आणि ती घालून आरशात बघितलं तेव्हा वाटलं, बरं झालं चांगुणा हे बघायला नाही, आणि मग त्या वाटण्याचंच वाईट वाटलं. टोपी सक्तीची. मी टोपीवाल्याला माझं डोकं दाखवलं. तिथे केस उरून बरीच वर्षं झाली आहेत. तो म्हणाला, "नियम केसांसाठी नाही, डोक्यासाठी आहे." मुस्तकीम सर पोटाखाली हात धरायचे आणि म्हणायचे, "काका, सोडा स्वतःला. पाणी तुम्हाला धरतं." मी एकतीस वर्षं पाणी बंद करणारा माणूस. सोडणं मला जमत नव्हतं. पहिले दोन महिने मी फक्त पाणी प्यायलो. मोजमाप मला येतं, त्यावरून सांगतो, लिटरमध्ये प्यायलो.

पण दिवाळीनंतर जमलं. एका सकाळी मी उथळ बाजूकडून खोल बाजूला आपणहून गेलो, आणि सरांनी सांगितलं तसं श्वास धरून खाली गेलो. डोळे उघडले. निळी फरशी. तळाला पाण्याची जाळी. एका कोपऱ्यात कोणाची तरी केसांची क्लिप पडली होती. तिची असेलच असं नाही. दोन वर्षांत ती किती वेळा इथे खाली येऊन गेली असेल, आणि मी त्या वेळी वर कुठेतरी वीजबिल बघत असेन. वर आलो तर सर टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरंच अंदमानला जावंसं वाटलं. तोवर तिच्यासाठी फक्त जावं लागणार होतं.

जायला पंधरा दिवस राहिले आणि तलाव बंद झाला. गेटवर पाटी: मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा दहा दिवस बंद. मी माझ्या जुन्या खात्यात फोन केला. ज्याला मी हाताला धरून व्हॉल्व्ह फिरवायला शिकवलं, तो आता तिथे मुख्य होता.

"तेवढी तलावाची लाइन चालू ठेव ना."

"साहेब, तुम्हीच शिकवलं, की मेन बंद म्हणजे मेन बंद. ओळखीवर पाणी सोडायचं नाही."

मी त्याला असं शिकवलं होतं. स्वतःच्या शिकवणीचा असा मनस्ताप दुसऱ्या कोणाला झाला असेल असं वाटत नाही.

झिपरूला हे कळल्यावर त्याने फोनवर एकच वाक्य टाकलं, "दाजी, आपली विहीर शे ना." मी नामपूरला गेलो. विहीर चांगली, मोठी, पाणी बारा-तेरा फूट खाली. उतरायला दगडात पायऱ्या होत्या. मी पायऱ्यांनी उतरणार होतो, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पण काठावर झिपरू, त्याची बायको लताबाई, शेजारचे सात-आठ लोक आणि एक ट्रॅक्टरवाला, असे सगळे नाशिकचा पाहुणा कसा पोहतो ते बघायला जमले होते. लताबाईंनी तर चटई टाकली होती. मी पायऱ्यांकडे वळलो, तेव्हा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पायरीवरून तर आमची म्हैसपण उतरते."

"उडी मारा, दाजी," झिपरू म्हणाला. "खाले पाणीच शे."

म्हशीचं नाव निघालं नसतं तर मी पायऱ्यांनीच गेलो असतो. मी उडी मारली. सरळ मारायला हवी होती, ती आडवी पडली. पाण्याने डाव्या कानावर अशी चपराक दिली, की बाहेर आलो तेव्हा सगळे हसताना दिसत होते, पण ऐकू अर्धेच येत होते.

नाशिकला कानाच्या डॉक्टरांनी यंत्र घालून बघितलं. पडद्याला छिद्र. "भरून येईल आपोआप. पण तोपर्यंत डोकं ओलं करायचं नाही. डायव्हिंगचं तर नावच काढू नका."

"पुढच्या आठवड्यात विमान आहे."

"विमान जाऊ दे. ते तुमच्याशिवाय उडतं."

सनीला सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. माझं तिकीट रद्द झालं. पॅकेज मात्र रद्द होत नव्हतं, फक्त नाव बदलता येत होतं. सिस्टिमला अजूनही दोन माणसं हवी होती. सिस्टिम रिकामी ठेवता येत नाही, म्हणून शेवटी माझ्या जागी लताबाई गेल्या.

मी स्वतः त्यांना ओझरच्या विमानतळावर सोडायला गेलो. लताबाईंनी नवी साडी नेसली होती. झिपरूने आत जाताना माझे पाय धरले आणि म्हणाला, "दाजी, तुमना वाटाना मासा मी देखसू." माझ्या वाट्याचे मासे तो बघणार होता, आणि मी कानातला कापूस बदलत उभा राहिलो.

पाच दिवसांत त्याने मला तीनशे दहा फोटो पाठवले. पलंगावर फुलांचे दोन हंस, त्यांच्यामध्ये बसलेल्या लताबाई. केक कापताना झिपरू, टोपी न काढता. आणि मग पाण्याखालचे. काळ्या पोशाखात, तोंडात नळी, चष्म्यामागे माझ्या मेव्हण्याचे घाबरलेले डोळे, आणि सगळीकडे मासे. त्याला पोहता येतं, पण त्यासाठी त्याने कुठलाही फॉर्म भरला नव्हता. परत आल्यावर फोन केला. "भलता मासा शेतस, दाजी. पिवळा, निळा, पट्टाना. कोणी कोणले धक्का देत नही. सटाणाना बजारमा अशी शांतता ऱ्हायनी तर..." मग म्हणाला, "ताई राहिती ते आनखी खाले गयती." ताई असती तर आणखी खाली गेली असती. ते खरं होतं. ती गेलीच असती, आणि मला वरून हात दाखवला असता.

फेब्रुवारीत पहिला स्मृतिदिन झाला. हॉल भरलेला. झिपरूचा कूलर खिडकीत होता, गोजराबाईंच्या सतरंज्या खाली होत्या, माझं घड्याळ भिंतीवर होतं. ते सात मिनिटं मागे होतं, पण चालू होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी खंडेराव पुढच्या दाराने आत आले. हातात मोठं खोकं. लाउडस्पीकर. माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "तुझ्याबरोबर आपलंही नाव वाचलं जाईल, हे काही बरं वाटेना." तेरा वर्षांनी त्यांच्यासमोर हिरवी खूण झाली. लोकांनी साधुकार दिला. फळ्यावर खूण नसलेली एकच ओळ उरली.

सहादूभाऊंनी चष्मा लावला. वाचता वाचता तिथे आले आणि थांबले. त्यांचा जीव होत नव्हता.

"निरभवणे, मी काय म्हणतो. झिपरूभाऊ बघून आले. बहिणीच्या नावाने बघितले. घरातल्याच माणसाने बघितले."

झिपरू उभा राहिला. "फोटो शेतस मनापान. तीनशे दहा."

हॉलमध्ये चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, मेव्हणा म्हणजे सख्ख्यासारखाच. गोजराबाई म्हणाल्या, "भाऊंनी तलावात बुडी मारली आहे, खोल बाजूला. मी स्वतः मुस्तकीम सरांना विचारलंय. तळापर्यंत गेले होते. ते धरा." कोणी म्हणालं, कान फुटला हे तर सगळ्या जगाला माहीत आहे, वैद्यकीय कारण आहे. सहादूभाऊंच्या हातात ब्रश होता. हिरवा रंग टपकायच्या बेतात होता. सगळे माझ्याकडे बघत होते. चैतालीने मागून माझा शर्ट धरला होता. गेल्या वर्षी माइकजवळ काय झालं होतं ते तिला आठवत असणार.

हिरवी खूण घेतली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. मीही संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. पण एकदा तिने कागद पुढे केला होता आणि मी न वाचता सही केली होती. आता दुसऱ्याने बघितलेल्यावर तशीच सही करायची माझी तयारी नव्हती.

मी माइक घेतला नाही. जागेवरूनच म्हणालो, "तलावात मासे नव्हते, सहादूभाऊ. आणि मी बघून येईन असं मी म्हणालो होतो. बाकी लिहा."

सहादूभाऊंनी ब्रश डब्यात ठेवला. मग फळ्याकडे बघून, खंडेरावांच्या नव्या लाउडस्पीकरवरून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं वाचलं. "रंगनाथ निरभवणे. समुद्राखालचे मासे. बाकी."

कान अजून भरलेला नाही. दर महिन्याला दाखवतो. सनी म्हणतो, पुढच्या हंगामात एका माणसाचं पॅकेज येण्याची शक्यता आहे. तलावाचा फॉर्म मी पुन्हा भरून ठेवला आहे. मासे बघायचे राहिले आहेत.